मोजणीदार पतंगाची नोंद

पावसाळ्यात सोयाबीनच्या पानांवर एक हिरवी अळी दिसते. चालताना ती मागचा भाग उचलून पुढच्या पायांपाशी आणते, मधले अंग कमानीसारखे वर जाते, मग पुढचा भाग लांबवून ती पुढे सरकते. ही कमान उंटाच्या पाठीसारखी दिसते म्हणून आपल्याकडे तिला उंट अळी म्हणतात. शेतकऱ्याच्या तोंडी हेच नाव आहे आणि कृषी खात्याच्या पत्रकांतही हेच. पारनेर तालुक्यात बाजरी, मूग, कांदा, वाटाणा आणि अलीकडे सोयाबीन घेणाऱ्या कुणालाही हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

युरोपातल्या लोकांनी अशीच चाल पाहिली तेव्हा त्यांना उंट आठवला नाही, जमीन मोजणारा माणूस आठवला. साखळी टाकायची, टोक धरायचे, पुन्हा साखळी टाकायची, तशी ही अळी फांदी मोजत चालली आहे असे त्यांना वाटले. ग्रीक भाषेत जमीन मोजणाऱ्याला 'जिओमेट्रेस' म्हणतात. त्यावरून या अळ्यांच्या पतंगांना 'जिओमेट्रा' आणि पुढे त्यांच्या सगळ्या कुळाला 'जिओमेट्रिडी' हे नाव पडले. मराठीत त्यांना मोजणीदार पतंग म्हणायला हरकत नसावी. या लेखात मी तसेच म्हणणार आहे.

आता साधा प्रश्न. आपली सोयाबीनवरची उंट अळी या मोजणीदारांच्या कुळातली आहे का? चाल तीच, कमान तीच. पण उत्तर 'नाही' असे आहे. ती वेगळ्या कुळातली आहे, आणि तिचे व मोजणीदारांचे नाते चुलत भावंडांइतकेही जवळचे नाही. हे उत्तर कसे मिळाले, त्यासाठी माणसांनी आधी चाल, मग मिशा, मग पंखांच्या शिरा, मग कान आणि शेवटी जनुके कशी तपासली, याचा इतिहास अडीचशे वर्षांहून जुना आहे. त्यातला एक तुकडा आपल्या दख्खनमध्येही घडला. हा इतिहास कीटकांचा असला तरी त्यातला प्रश्न माणसांनाही लागू पडतो: वरवरच्या साम्यावरून कुणाला कुठल्या खान्यात टाकावे आणि ते टाकण्याआधी काय तपासावे?

चालीवरून प्राण्यांचे गट पाडण्याची पद्धत फार जुनी आहे. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने 'किताब अल-हयवान' हा प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याने प्राण्यांचे चार प्रकार सांगितले: चालणारे, उडणारे, पोहणारे आणि सरपटणारे. कुरआनच्या सूरह नूरमध्येही पोटावर, दोन पायांवर आणि चार पायांवर चालणाऱ्यांचा उल्लेख येतो, त्यामुळे अरबी वाचकाला ही विभागणी ओळखीची होती. पण जाहिज तिथे थांबत नाही. तो लगेच बजावतो की पंखांनी उडणारे सगळे पक्षी नसतात. माश्या, गांधीलमाश्या, टोळ, पतंग, डास हेही उडतात, पण त्यांना कुणी पक्षी म्हणत नाही. म्हणजे चालीवरून गट पाडणाऱ्यालाच चालीची मर्यादा माहीत होती. अकराशे वर्षांपूर्वीचे हे वाक्य आपल्या उंट अळीला तसेच लागू होते: पाठ वाकवून चालणारे सगळे मोजणीदार नसतात.

आधी पाय मोजू. फुलपाखरे आणि पतंग यांच्या साधारण अळीला छातीखाली खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात आणि पोटाखाली मांसल, आखूड पायांच्या पाच जोड्या. चार जोड्या मधल्या भागात आणि एक शेवटच्या टोकाला. एवढे पाय असले की अळी लाटेसारखी सरकत चालते. मोजणीदार अळीला मात्र पोटाखाली सहसा दोनच जोड्या असतात, त्याही मागच्या टोकाकडे. मधले अंग आधाराशिवाय लोंबते, म्हणून कमान केल्याशिवाय तिला चालताच येत नाही. सोयाबीनवरच्या उंट अळीला पोटाखाली तीन जोड्या असतात. तिचेही मधले काही पाय नाहीसे झाले आहेत, पण स्वतंत्रपणे, वेगळ्या घराण्यात. दोन घराण्यांत एकच अडचण आली आणि दोघांनी एकच चाल शोधली. एरंडीवरच्या प्रसिद्ध उंट अळीचीही तीच गोष्ट. तीही मोजणीदार नाही.

शास्त्रात या पतंगांची पहिली पद्धतशीर नोंद स्वीडनच्या कार्ल लिनियसने केली. १७५८ साली त्याच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात आजही त्याच आवृत्तीपासून धरली जाते. लिनियसने जवळजवळ सगळे पतंग 'फॅलीना' या एका नावाखाली घेतले आणि त्यांचे सात गट पाडले. त्यांतला एक 'जिओमेट्रा', म्हणजे आपले मोजणीदार, आणि एक 'नॉक्टुआ', म्हणजे रात्रीचे. सोयाबीनवरची उंट अळी ज्या घराण्यातली आहे, ते या दुसऱ्या गटातून पुढे आले. लिनियसने नाव अळीच्या चालीवरून दिले, पण गट ठरवताना पतंग बसल्यावर पंख कसे ठेवतो तेही पाहिले. मोजणीदार पतंग बहुधा पंख आडवे, सपाट पसरून बसतो, भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा.

लिनियसने आणखी एक सोय केली. ज्या मोजणीदारांच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी, त्यांच्या नावाच्या शेवटी 'आरिया', आणि ज्यांच्या मिशा साध्या धाग्यासारख्या, त्यांच्या शेवटी 'आटा'. नाव वाचले की मिशा कळाव्यात, असा हेतू. शाळा-कॉलेजच्या जीवशास्त्रात एक मोजणीदार पतंग सगळ्यांना भेटतो, पण त्याचे कुळ कुणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या धुराने झाडांची खोडे काळी पडली तेव्हा ज्या पांढऱ्या ठिपक्यांच्या पतंगाचा काळा प्रकार वाढत गेला, तो हाच. त्याचे नाव 'बिस्टन बेट्युलारिया', आणि ते लिनियसनेच दिलेले. शेवटचे 'आरिया' सांगते की नराच्या मिशा दातेरी आहेत. या पतंगाचा काळा नमुना मँचेस्टरमध्ये १८४८ साली मिळाल्याची नोंद आहे. १९२४ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी या बदलाचे गणित मांडले. हेच हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

१८१५ साली विल्यम लीच या इंग्रज अभ्यासकाने मोजणीदारांना स्वतंत्र कुळाचा दर्जा दिला. पुढच्या काळात साम्राज्ये वाढली, जहाजांतून पेट्या भरभरून कीटक युरोपात जाऊ लागले आणि खाने कमी पडू लागले. फ्रान्सचे आशिल गेने हे पेशाने वकील. त्यांनी १८५७-५८ मध्ये जगभरच्या मोजणीदारांवर मोठा ग्रंथ लिहून शेकडो नवी नावे दिली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये फ्रान्सिस वॉकर यांनी १८५४ ते १८६६ या काळात तिथल्या पतंगांची यादी ३५ भागांत छापली. वॉकर यांचा वेग असा होता की एकाच पतंगाला त्यांच्या हातून दोन-दोन, तीन-तीन नावे मिळाली. नर एका नावाने, मादी दुसऱ्या नावाने, आणि दुसऱ्या देशातून आलेला तोच पतंग तिसऱ्या नावाने. पुढच्या पिढ्यांचा मोठा वेळ ही दुबार नावे एकत्र करण्यात गेला. आपल्याकडे एकाच जमिनीवर दोन खाती उघडली की काय होते, ते तलाठी कार्यालयात खेटे घातलेल्या माणसाला सांगायला नको.

इथे दख्खन येते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांमध्ये चार्ल्स स्विन्हो हे लष्करी अधिकारी होते. मुंबई इलाख्याच्या सैन्यात नोकरी, आणि छंद पतंग-फुलपाखरांचा. १८८५ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवाहीत त्यांचा 'मुंबई आणि दख्खनमधील फुलपाखरे व पतंग' या विषयावरचा लेख चार भागांत छापला गेला. आपल्या कोरड्या पठारावरच्या पतंगांची शास्त्रीय यादी म्हणून तो सुरुवातीच्या कामांपैकी एक. त्यानंतर १८८७ ते १८८९ या काळात कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे ई. सी. कोट्स आणि स्विन्हो यांनी मिळून भारतातील पतंगांची सूची सात भागांत काढली.

या कागदांत एक गोष्ट सापडत नाही. दिव्याभोवती जमलेले पतंग पकडून आणणारी, बाभळीवरची अळी कुठे मिळते ते दाखवणारी इथली माणसे त्यांत नाहीत. त्यांची नावेही नाहीत आणि त्यांनी पतंगांना दिलेली नावेही नाहीत. नमुने विलायतेला गेले. एखाद्या पतंगाला पहिल्यांदा नाव देताना जो नमुना समोर होता तो मूळ दाखला धरला जातो. दख्खनमधल्या कितीतरी पतंगांचे असे मूळ दाखले आजही तिकडच्या संग्रहालयांत आहेत. सातबारा इथला, पण मूळ नकाशा परदेशी कपाटात, अशी ही स्थिती.

यानंतरचा टप्पा एका शाळामास्तरचा आहे, म्हणून मला तो विशेष वाटतो. एडवर्ड मेरिक हे इंग्लंडमधल्या मार्लबरो कॉलेज या शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवत. पतंगांचा अभ्यास त्यांनी शिकवण्याच्या नोकरीबरोबर केला आणि आयुष्यभरात हजारो नव्या जातींची वर्णने लिहिली. १८९२ साली त्यांनी युरोपातील मोजणीदारांचे वर्गीकरण नव्याने मांडले, आणि त्याचा मुख्य आधार ठेवला पंखांच्या शिरांचा. पतंगाच्या पंखावरची रंगीत भुकटी काढली की खाली पातळ पडदा दिसतो आणि त्यात नळ्यांसारख्या शिरा दिसतात. रंग फसवतो. तो मातीप्रमाणे, झाडाच्या सालीप्रमाणे, कधी नर-मादीप्रमाणे बदलतो. शिरांची मांडणी सहजी बदलत नाही. मोजणीदारांचे सर्वांत मोठे उपकुल 'एनोमिनी' आज ओळखले जाते ते प्रामुख्याने मागच्या पंखातील मधली एक शीर क्षीण झाल्यावरून. या कुळातल्या जवळजवळ निम्म्या जाती त्या एका उपकुलात येतात.

मेरिक यांच्यानंतर तीनच वर्षांनी, १८९५ साली, 'ब्रिटिश भारताचे प्राणिजीवन' या मालिकेत पतंगांचा तिसरा खंड निघाला. लेखक जॉर्ज हॅम्पसन, पूर्वी निलगिरीत चहाचे मळेवाले. भारतातले मोजणीदार या खंडात आहेत. हॅम्पसन यांनीही शिरांचाच आधार घेतला. पुढे अनेक दशके भारतात कुणाला पतंग ओळखायचा असला की हेच चार खंड उघडले जात.

त्याच दशकांत हेच सरकार माणसांचीही वर्गवारी करत होते. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर खंड प्रसिद्ध झाला. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, जुन्या कागदांत ते अहमदनगर. त्यातल्या लोकसंख्येच्या प्रकरणात हिंदू जातींची लांबलचक यादी आहे आणि मुसलमानांचीही: अत्तार, बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी वगैरे. प्रत्येकाचा धंदा, पेहराव, स्वभाव एकेका परिच्छेदात. सगळे अत्तार असे, सगळे पिंजारी तसे. कीटकाच्या वर्णनात आणि या वर्णनात भाषेचा फरक फारसा नाही. पुढे १९०१ च्या जनगणनेत हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या मोजमापावरून भारतातल्या माणसांचे वंश ठरवण्याचा घाट घातला.

माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर आजही अत्तार, तांबोळी, बागवान ही आडनावे आहेत. कुलकर्णी, सुतार, देशमुखही आहेत. यांतल्या फार थोड्या घरांत आता ते ते काम चालते. धंदा गेला, नाव उरले. नाव म्हणून त्यात काही वाईट नाही. तो घराचा इतिहास आहे. अडचण होते ती नावाला पुरावा मानले की. आडनाव ऐकून, टोपी पाहून किंवा बोलण्याच्या ढबीवरून माणसाचा स्वभाव, निष्ठा, अक्कल ठरवणारा माणूस १८८४ च्या गॅझेटियरमध्येच अडकलेला असतो. पतंगांचे शास्त्र मात्र तिथे अडकले नाही. फरक इथे आहे. कीटकशास्त्रज्ञांनी आपले खाने पुन्हा पुन्हा तपासले आणि चुकलेले खाने मोडले. माणसांवर पाडलेले खाने तपासायला कुणी भिंग हाती घेतले नाही. उलट ते खाने शाळेच्या दाखल्यावर, निवडणुकीच्या गणितात आणि भाड्याच्या घराच्या दारात पक्के होत गेले.

मराठी शास्त्रभाषेत एक विचित्र योग आहे. जीवशास्त्रात 'स्पीशीज'ला आपण 'जाती' म्हणतो आणि समाजातल्या जातीलाही तोच शब्द. उर्दूत पहिल्यासाठी 'नौ' हा शब्द आहे आणि तिच्या वरच्या पायरीला 'जिन्स' म्हणतात. हाच 'जिन्स' मराठीत 'जिन्नस' होऊन किराणा दुकानात जाऊन बसला. मुलांना वर्गीकरण समजावताना मला या शब्दांचा उपयोग होतो. पतंगाची जात ही त्याच्या शरीराबद्दलची, तपासता येणारी गोष्ट आहे. माणसाची जात तशी नाही, कारण माणूस म्हणून आपण सगळे एकाच 'नौ'चे. शब्द एक असला तरी वस्तू दोन आहेत, हे मुलाला जितक्या लवकर कळेल तितके बरे.

पुन्हा पतंगांकडे येऊ. विसाव्या शतकात मोजणीदारांचे सर्वांत मोठे जाणकार होते लुई बीथोव्हन प्राउट. वडील संगीततज्ज्ञ, म्हणून मुलाच्या नावात बीथोव्हन. १९४३ साली ते वारले तोपर्यंत जगभरच्या मोजणीदारांची खाती त्यांनी लावली होती. पण या पतंगांचे कुळ निर्विवाद ठरवणारी खूण मिळाली ती शरीराच्या अशा भागात, जिथे पूर्वी फारसे कुणी पाहत नव्हते. ती खूण म्हणजे कान.

रात्री वटवाघळे उंच आवाज काढत पतंग शोधतात. तो आवाज ऐकू यावा म्हणून अनेक पतंगांना कान असतात. मोजणीदारांचे कान पोटाच्या सुरुवातीला, दोन्ही बाजूंना असतात, आणि त्यात हातोडीच्या आकाराचा एक छोटा कठीण भाग असतो. असा भाग दुसऱ्या कुठल्याही कुळात नाही. १९९२ साली मार्क कुक आणि माल्कम स्कोबल यांनी या कानांचा सविस्तर आढावा घेतला. आपल्या सोयाबीनच्या उंट अळीचा पतंग झाला की त्यालाही कान येतात, पण ते छातीत. एकाचा कान पोटात, दुसऱ्याचा छातीत. लहानपणी दोघांची चाल सारखी, पण ऐकण्याचे अवयव वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या रीतीने घडलेले. घराणी वेगळी असल्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधूनही मिळणार नाही.

स्कोबल यांनीच १९९९ साली जगातील मोजणीदारांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे २१ हजार जाती होत्या. त्यानंतर भर पडत गेली आणि आज हा आकडा २३ हजारांच्या पुढे आहे. भारतात त्यांतल्या सुमारे दोन हजार जाती आहेत. २०१९ साली लेइडिस मुरिलो-रामोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ जनुकांच्या आधारे ११९२ नमुन्यांचा वंशवृक्ष मांडला. त्यात 'एपिडेस्मिनी' हे नवे उपकुल निघाले आणि जुन्या काही उपकुलांच्या भिंती हलल्या. शिरा, मिशा, पंखांची ठेवण यांवरून जवळचे वाटलेले काही गट दूरचे निघाले. म्हणजे जे चालीचे झाले तेच कधी कधी शिरांचेही होते. एखादी शीर दोन घराण्यांत स्वतंत्रपणे नाहीशी होऊ शकते. म्हणून मेरिक चुकीचे ठरत नाहीत. त्यांच्या काळी जो पुरावा हाताशी होता, त्यातला सर्वांत भरवशाचा त्यांनी निवडला. पुढच्यांनी अधिक पुरावा आणला. जुने खाते रद्द करताना जुन्या मोजणीदाराला शिव्या द्याव्या लागत नाहीत, ही या इतिहासातली मला आवडणारी गोष्ट आहे.

मोजणीदार हा शब्द आपल्या मातीतही खोल गेलेला आहे. पारनेर जुन्नर आणि अहमदनगर यांच्या मधल्या वाटेवर आहे, आणि ही दोन्ही गावे निजामशाहीच्या राजधान्या होत्या. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ साली वारला, पण जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची रीत 'मलिकंबरी' या नावाने नंतरही लोकांच्या स्मरणात राहिली. जमीन एकसारखी दिसते म्हणून सारा एकसारखा लावायचा नाही, तर माती हातात घेऊन पाहायची, हे त्यामागचे तत्त्व. अरबीत भूमितीला 'हंदसा' म्हणतात आणि तो शब्द फारसीतल्या 'अंदाजा'वरून आला. तोच 'अंदाज' मराठीत आला, पण इथे त्याचा अर्थ तर्क, अदमास असा झाला. एकाच शब्दाच्या एका टोकाला काटेकोर मोजमाप आणि दुसऱ्या टोकाला अदमास. वर्गीकरणाचा सगळा इतिहास या दोन टोकांमध्ये घडतो.

अशीच गंमत 'परवाना' शब्दाची आहे. उर्दूत परवाना म्हणजे पतंग, शमेवर जीव टाकणारा. सूफी साहित्यात तो फार जुना आहे. फरीदुद्दीन अत्तार यांच्या 'मंतिकुत्तैर'मध्ये ज्योतीची खबर काढायला निघालेल्या पतंगांची गोष्ट आहे. फारसीत परवाना म्हणजे पतंग आणि परवाना म्हणजे सरकारी हुकूमही. मराठीने दरबारातून दुसरा अर्थ उचलला: वाहन चालवण्याचा परवाना, दुकानाचा परवाना. पतंग मागेच राहिला. त्यामुळे उर्दू शायरीत पतंग आहे पण तो एकच आहे, त्याला जाती नाहीत. मराठीत पतंग आहे, पाकोळी आहे, पण मोजणीदाराच्या दोन हजार जातींपैकी किती जणांना मराठी किंवा उर्दू नाव आहे? बोटांवर मोजण्याइतक्यांनाही नसेल.

चित्र हळूहळू बदलते आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम केलेल्या व्ही. शुभलक्ष्मी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली उत्तर सह्याद्रीतील पतंगांची यादी प्रसिद्ध केली, आणि २०१८ साली शुभलक्ष्मींचे भारतीय पतंगांवरचे ओळख-पुस्तक आले. उत्तर महाराष्ट्रातील पतंगांची प्राथमिक यादी गुरुळे आणि निकम यांनी २०१३ साली छापली. पतियाळाचे जगबीर सिंग कीर्ती आणि सहकाऱ्यांचा भारतातील मोजणीदारांवरचा ग्रंथ २०१९ चा. हे सगळे इंग्रजीत आहे. शेतकऱ्याला, शाळेतल्या मुलाला जे कळते त्या भाषेत अजून पाने कोरीच आहेत.

याने फरक काय पडतो, असे कुणी विचारेल. पडतो. आसाम-बंगालच्या चहामळ्यांत काही मोजणीदार अळ्या मोठे नुकसान करतात, तिथे त्यांची नेमकी ओळख म्हणजे पैसा. आपल्याकडे उलटे होते. बांधावरच्या बाभळीवर, बोरीवर काटकीसारखी ताठ उभी राहणारी मोजणीदार अळी दिसली की 'उंट अळी आली' म्हणून पंप खांद्यावर येऊ शकतो. पण बाभळीवर जगणाऱ्या अशा अनेक अळ्यांचे खाणे बाभळीपुरते किंवा तिच्या जवळच्या झाडांपुरते असते. त्या सोयाबीन खायला उतरत नाहीत. उलट पिल्लांना भरवायला पक्षी त्याच उचलतात. बांधावर फवारलेले औषध वाया जाते आणि पक्ष्यांचा घासही जातो. चाल पाहून दिलेली शिक्षा भलत्यालाच बसते.

उंट अळी हे नाव बदलायची काही गरज नाही. ते सुंदर नाव आहे, आणि ते देणाऱ्याची नजर लिनियसइतकीच तीक्ष्ण होती. फक्त त्या नावावर थांबायचे नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात. शाळेच्या भिंतीवर एक पांढरी चादर आणि एक दिवा एवढ्यावर तो पारनेरमध्येही होऊ शकतो. दिवसा अळ्या पाहायच्या असतील तर भिंगही लागत नाही. वहीत तारीख, गाव आणि झाडाचे नाव लिहायचे, अळी चालू लागली की तिच्या पोटाखाली पाहायचे आणि जोड्या मोजायच्या. तीन आल्या तर ती सोयाबीनवाल्यांच्या घराकडची असण्याची शक्यता मोठी. दोनच आल्या तर तुमच्या बांधावरून एक मोजणीदार चालला आहे.